चरबीचा वारसा
चिकनच्या दुकानात कोंबडी साफ करताना जठराच्या भोवतालून आणि पोटाच्या मागच्या बाजूने पिवळसर, मऊ चरबीचा गोळा निघतो. गिऱ्हाइकाला तो नको असतो, म्हणून दुकानदार तो काढून टाकतो. पोल्ट्रीवाल्याने मात्र त्या चरबीसाठीही मका आणि सोयापेंड मोजलेली असते. ब्रॉयलर अंगाला चरबी धरतो तो अधाशासारखा खातो म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे, हे गेल्या साठसत्तर वर्षांत काही विद्यापीठांनी आणि संशोधन केंद्रांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या कोंबड्यांच्या कळपांनी दाखवून दिले. चरबीचा वारसा एका जागी नसतो. तो भुकेत असतो, यकृतात असतो आणि खाल्लेल्या अन्नाची शरीर वाटणी कशी करते त्यातही असतो. म्हणून पैदाशीसाठी पक्षी निवडताना एकाच आकड्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

यातला सर्वांत जुना कळप अमेरिकेतील ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा. पॉल सीगल यांनी 1957 मध्ये पांढऱ्या प्लिमथ रॉक कोंबड्यांच्या सात वंशांच्या संकरातून तो उभा केला. नियम एकच होता: आठ आठवड्यांच्या वयाला पक्षी तोलायचा, जड पक्ष्यांची पैदास जड पक्ष्यांशी आणि हलक्यांची हलक्यांशी करायची. सुमारे चाळीस पिढ्यांनंतर दोन्ही वाणांच्या वजनात नऊ पटींच्या आसपास फरक पडला. चरबीकडे पाहून कोणी एकही पक्षी निवडला नव्हता, तरीही जड वाण लठ्ठ झाला. या कोंबड्यांपुढे हवे तेवढे खाद्य ठेवले तर त्या खातच राहतात, म्हणून निवडीचे वय उलटले की त्यांना मोजून द्यावे लागते. हलक्या वाणातली काही पिल्ले तर खायला सुरुवातच करत नाहीत आणि दगावतात, काही माद्या कधी अंड्यावर येत नाहीत. मेंदूतल्या तृप्तीशी निगडित भागाला इजा केली की एरवीचा पक्षी जास्त खाऊ लागतो. जड वाणात ही इजा करून पाहिली, तर त्यांच्या खाण्यात फरक पडला नाही. ज्या गाडीचा ब्रेक आधीच लागत नाही, तिचा ब्रेक काढून काय होणार? वजनाची निवड करता करता भुकेचीच निवड होऊन गेली होती.

एवढ्यावरून लठ्ठपणा म्हणजे वाढलेली भूक, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर फ्रान्समध्ये तूर शहराजवळच्या नूझिली येथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या केंद्रात मिळाले. 1970 च्या दशकात बर्नार लक्लेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दोन वाण तयार करायला घेतले. नवव्या आठवड्याला वजन सारखे, पण पोटातली चरबी एकात जास्त, दुसऱ्यात कमी, असा त्यांचा बेत होता. काम किचकट होते, कारण ही चरबी मोजायची तर पक्षी कापावा लागतो आणि कापलेल्या पक्ष्याची पैदास होत नाही. त्यामुळे जवळच्या नातलग पक्ष्यांच्या मोजमापावरून निवड करावी लागे. थोड्याच पिढ्यांत चरबीत तिपटीहून अधिक तफावत पडली, आणि तरीही दोन्ही वाण खाद्य जवळजवळ सारखेच खात होते. फरक होता तो वाटणीत. सडपातळ वाण खाद्यातली प्रथिने मांसाकडे अधिक वळवत होता, तर लठ्ठ वाणाचे यकृत चरबी बनवण्यात पुढे होते. कोंबडीत नवी चरबी मुख्यतः यकृतात बनते. तेथून ती मेदकणांच्या रूपाने रक्तातून पोटापर्यंत जाते आणि साठते. हे मेदकण रक्तात मोजता येतात, म्हणून एडिंबराच्या शास्त्रज्ञांनी पक्षी न कापता रक्ताच्या तपासणीवरून लठ्ठ आणि सडपातळ वाण वेगळे काढले. चीनमधल्या हार्बिनच्या कृषी विद्यापीठात 1996 पासून पोटातली चरबी आणि रक्तातले मेदकण या दोन्ही निकषांवर असेच काम चालू आहे.

खाद्याचा मुद्दाही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ऊर्जा जास्त आणि प्रथिने कमी असलेल्या खाद्यावर कोणताही वाण चरबी धरतो. पण एकाच शेडमध्ये, एकाच खाद्यावर वाढलेल्या पक्ष्यांतही पोटातल्या चरबीचा फरक उरतोच, आणि तो बऱ्याच अंशी वंशपरंपरेने येतो. म्हणूनच तर निवडीला इतक्या लवकर यश आले. वाढीच्या वेगाचेही तेच. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957 आणि 2005 चे वाण एकाच खाद्यावर वाढवले, तेव्हा 56 दिवसांनी जुन्याचे सरासरी वजन 905 ग्रॅम भरले आणि नव्याचे 4202 ग्रॅम.

मग चरबीचे एखादे जनुक शोधून ते बदलले की काम झाले, असे नाही का? तसे होत नाही. ब्लॅक्सबर्गच्या दोन वाणांचा संकर करून स्वीडनच्या उप्साला येथील शास्त्रज्ञांनी गुणसूत्रे तपासली आणि 2006 मध्ये दाखवले, की एकमेकांवर अवलंबून असलेल्या चार जागांचे जाळे वाढीवर, म्हणजे ज्या गुणाच्या निवडीतून जड वाण लठ्ठ झाला त्यावर, प्रभाव टाकते. सुटी जागा पाहिली तर तिचा परिणाम थोडा दिसतो, जोडीने पाहिली तर बराच. कोंबडीचा जनुकसंच 2004 मध्येच वाचून झाला होता, पण नुसत्या वाचनातून हे जाळे दिसले नसते. त्यासाठी अनेक पिढ्या दोन टोकांना नेलेले जिवंत पक्षीच हवे होते. अशा कळपांवर वर्षानुवर्षे होणारा खर्च मला म्हणूनच रास्त वाटतो.

चरबी वाईटच, असाही याचा अर्थ नाही. ती मांसाला चव देते आणि मादीला अंड्यावर येण्यासाठी शरीरात साठा लागतो. पण झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या आईबापांना आज मोजून-मापून, अर्धपोटी ठेवावे लागते, कारण पोटभर खाऊ दिले तर ते लठ्ठ होतात आणि त्यांची प्रजननक्षमता घसरते. पिल्लाला आपण झपाट्याने वाढवतो आणि त्याच्या आईला त्याच वारशापायी उपाशी ठेवतो. खाद्य मांसात किती बदलले, याचा हिशेब पैदाशीत आल्यावर चरबी कमी झाली, भूक मात्र तशीच राहिली. आपल्याकडचा पोल्ट्रीवाला पिल्ले घेताना वजन आणि एफसीआर, म्हणजे वजनवाढीमागे लागणाऱ्या खाद्याचे प्रमाण, विचारतो. पिल्लांच्या आईबापांना दिवसाकाठी किती खायला मिळते, हा आकडा पैदासकारांनी या दोन आकड्यांशेजारी मांडला पाहिजे. ब्लॅक्सबर्गमध्ये नियम वजनाचा होता आणि त्याची किंमत भुकेने मोजली. एवढे कळल्यावरही आपण तोलकाट्यापलीकडे पाहिले नाही, तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही.