फॅलेनोप्सिस इंटरमीडिया : जंगलातला संकर, घरची पैदास

फॅलेनोप्सिस इंटरमीडिया ही फिलिपिन्सच्या जंगलात आपोआप झालेली संकरित ऑर्किड आहे. तिचे जनक दोन. फॅलेनोप्सिस अॅफ्रोडाइटी मोठ्या, पसरट, पांढऱ्या फुलांची. फॅलेनोप्सिस इक्वेस्ट्रिस लहान, गुलाबी फुलांची, पण एका दांड्यावर भरघोस फुलणारी. दोघी फिलिपिन्सच्या सखल, दमट रानात झाडांच्या खोडांवर वाढतात आणि काही ठिकाणी एकमेकींच्या शेजारी असतात. तरी त्यांचा संकर क्वचितच होतो. फुलांच्या आकारात एवढी तफावत असते, की एकीला उपयोगी पडणारा कीटक दुसरीच्या कामाचा असेलच असे नाही. फुलण्याचा हंगामही दरवेळी जुळत नाही. एखाद्या वर्षी हे सारे जुळून आले, तरच दोन्हींच्या मधल्या आकाराचे, फिकट पाकळ्यांचे आणि गुलाबी-जांभळ्या ओठाचे फूल देणारे रोप जन्माला येते.

व्हीच या इंग्रज रोपवाटिकेसाठी थॉमस लॉब याने आणलेल्या रोपावरून जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1853 साली तिचे वर्णन केले. नावातच त्याने तिला ‘मधली’ ठरवले आणि ती संकर असावी, असा तर्कही केला. पण तर्क हा तर्कच. सिद्ध करायचे तर तोच संकर माणसाच्या हातून घडवून फुले ताडून पाहायला हवी होती. व्हीच यांच्याकडचा माळी जॉन सेडन याने ते केले. त्याच्या रोपाला 1886 मध्ये फूल आले आणि ते जंगलातल्या फुलाशी जुळले. मेंडेलचे नियम जगापुढे यायला अजून चौदा वर्षे होती. फॅलेनोप्सिस वंशात माणसाने केलेला पहिला संकर म्हणून हाच गणला जातो. आज बाजारात ढिगाने दिसणाऱ्या फॅलेनोप्सिसच्या कुळाची सुरुवात अशी निसर्गाची नक्कल करण्यातून झाली, हे सहसा सांगितले जात नाही.

ऑर्किडचा पहिला कृत्रिम संकर मात्र त्याआधीचा. व्हीच यांच्याकडच्याच जॉन डॉमिनीचा कॅलँथी डॉमिनाय 1856 मध्ये फुलला. त्याच्या दोन्ही जनक जाती सह्याद्रीच्या दक्षिण भागातही आढळतात.

सेडनने केले तेच आज हौशी माणूस घरी करू शकतो, आणि ते करण्याला अर्थ आहे. जंगलातून आणलेले नैसर्गिक संकर दुर्मिळ म्हणूनच महाग असतात. आणि महाग असतात म्हणून लुटले जातात. नोंद असलेल्या जनकांपासून घरी केलेली रोपे मिळू लागली, तर जंगलातल्या रोपाची किंमत उतरते. शिवाय जनक निवडता येतात. निसर्गात शेजारी जे असेल त्याच्याशी संकर होतो. पैदास करणारा दाट रंगाची, फांद्या फुटणाऱ्या दांड्याची इक्वेस्ट्रिस आणि गोल, सपाट फुलाची अॅफ्रोडाइटी वेचून घेतो.

परागण सोपे आहे. फॅलेनोप्सिसच्या फुलात मध्यभागी एक स्तंभ असतो. त्याच्या टोकावरची टोपी दात कोरण्याच्या काडीने अलगद उचलली, की दोन पिवळे परागपिंड चिकट बुडख्यासह काडीला येतात. ते दुसऱ्या फुलाच्या स्तंभाखालच्या ओल्या, चिकट खोबणीत दाबायचे. हंगाम जुळत नसेल, तर परागपिंड सिलिका जेलसोबत कोरडे ठेवून फ्रिजमध्ये काही महिने टिकतात. मातृरोप कोणते घ्यावे, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. लहान फुलाची परागनलिका मोठ्या फुलाच्या बीजांडापर्यंत पोचत नाही, असा अनेकांचा अनुभव. उलट इक्वेस्ट्रिसची शेंग छोटी म्हणून बी कमी. दोन्ही बाजूंनी करून पाहणे बरे. मातृरोप मात्र धडधाकट हवे, कारण शेंग पोसण्यात त्याची बरीच शक्ती खर्ची पडते.

परागण झाले, की फूल लवकरच मलूल होते आणि देठाकडचा भाग फुगू लागतो. परागणाच्या वेळी बीजांडे तयारच नसतात; ती त्यानंतर घडतात, म्हणून प्रत्यक्ष फलनाला कित्येक आठवडे लागतात. शेंग साधारण चार ते सहा महिन्यांत पिकते.

खरी अडचण बियांची आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक आणि त्यात भ्रूणपोष नसतो. रानात विशिष्ट कवकाची साथ मिळाली तरच ते रुजते, हे नोएल बर्नार्ड याने 1899 मध्ये शोधले. म्हणूनच सेडनच्या काळी शेंगेत असंख्य बिया असूनही रोपे थोडीच हाती लागत. लुईस नडसन याने 1922 मध्ये दाखवून दिले, की साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर कवकाशिवायही बी उगवते. हौशी पैदास शक्य झाली ती यामुळे.

पण साखरेवर बुरशी बियांच्या कितीतरी आधी वाढते. म्हणून माध्यमाच्या बाटल्या प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक कराव्या लागतात आणि पेरणी बंद, पुसून घेतलेल्या पेटीत करावी लागते. शेंग फुटण्याआधीच हिरवी तोडली, तर तिच्या पोटातले बी निर्जंतुकच असते. फक्त बाहेरची साल ब्लीचच्या द्रावणात धुवायची. तरीही नवख्याच्या पहिल्या बाटल्या बहुधा बुरशीलाच जातात. शेंग एखाद्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेला देणे, हा त्यातला शहाणा मार्ग.

उगवलेले हिरवे गोळे, मग पाने, मग मुळे. मधे एकदा ताज्या माध्यमावर बदली. बाटलीतून निघेपर्यंत सुमारे वर्ष जाते. बाहेर काढल्यावर मुळांवरचे आगर धुवून रोपे बारीक झाडसाल किंवा स्फॅग्नम शेवाळात एकत्र लावतात. पहिले काही आठवडे हवा दमट हवी, ऊन थेट नको. पुढे फुलायला आणखी दोन-तीन वर्षे. मुंबई-कोकणाची उष्ण, दमट हवा या दोन्ही जातींच्या मूळ रानाशी बरीच जुळते. त्यामुळे तिथे काचघराचा खर्च वाचतो. अॅफ्रोडाइटीला दांडा फुटण्यासाठी मात्र रात्री थोड्या थंड हव्यात, आणि ते हिवाळ्यातच जमते.

पहिल्या पिढीची भावंडे बरीचशी एकसारखी येतात. त्यांचाच आपसात संकर केला, की पुढची पिढी विखुरते : काही पांढऱ्या मोठ्या फुलांची, काही आजीसारखी गुलाबी. जंगलातल्या इंटरमीडियात दिसणारे वैविध्य अशा पुढच्या पिढ्यांमुळे आणि जनकांशी झालेल्या उलट संकरांमुळे असू शकते. म्हणून एकाच फुलावरून जनकांचा निवाडा करू नये.

नैसर्गिक संकराच्या नावात गुणाकाराचे चिन्ह येते, आणि माणसाने तोच संकर पुन्हा केला तरी नाव तेच राहते. त्यामुळे नावावरून रोप जंगलातले की घरचे, हे कळत नाही. प्रत्येक कुंडीच्या पट्टीवर मातृरोप, पितृरोप आणि परागणाची तारीख लिहून ठेवावी. अशी पट्टी नसलेले रोप पुढच्या पैदाशीसाठी वापरू नये.