स्टीअरिंग थरथरतंय? आधी ‘कधी’ ते सांगा

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. मागे ट्रकचे हॉर्न वाजतायत, म्हणजे पठ्ठ्या हायवेच्या कडेला थांबूनच बोलत असणार. "दादा, सेकंडहँड गाडी घेतलीये, २०१२ चं मॉडेल. स्टीअरिंग लय थरथरतं. काय करू?" मी त्याला उलट एकच शब्द पाठवला. कधी? तर उत्तर आलं, "कधी म्हणजे काय? चालवताना!"

हसू नका. दोन वर्षांपूर्वी मीही गॅरेजमध्ये हेच उत्तर दिलं होतं. आणि ‘कधी’चं नीट उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून दोन महिन्यांत दोनदा अलाइनमेंट आणि एकदा बॅलन्सिंग करून बसलो होतो. थरथर होती तिथेच होती. त्या काळात आईला शेजारी बसवून पुण्याहून साताऱ्याला तीन वेळा जाऊन आलो, नव्वदच्या स्पीडला. चाकात काय चाललं होतं ते कळल्यावर त्या तीन फेऱ्या आठवून पोटात गोळा आला. ते पुढे सांगतो.

गाडी बाबांची. छोटी हॅचबॅक, तेव्हा अकरा वर्षं जुनी. बाबा साठच्या वर कधी नेतच नव्हते. आम्ही चेष्टा करायचो. माझ्या हातात आली तेव्हा पहिल्यांदा तिला हायवे दिसला, आणि ऐंशीला काटा गेला की स्टीअरिंग हातात मधमाश्यांचं पोळं धरल्यासारखं गुणगुणायला लागलं.

सगळ्यात जास्त वेळा असतं ते कारण आधी घेऊ. चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसणं. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकचं चाक एका फेरीत साधारण पावणेदोन मीटर अंतर कापतं. नव्वदच्या स्पीडला गाडी सेकंदाला २५ मीटर पळते, म्हणजे चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. आता रिमच्या कडेला एकाच जागी ३० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. दहा रुपयांची चार नाणी, बस्स. पण फिरताना ती नाणी चाकाला बाहेर ओढतात, आणि नव्वदला हा ओढा चार किलोच्या आसपास जातो. सेकंदाला चौदा वेळा, चार किलोचा हिसका. स्पीड निम्मा केला की हा ओढा निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून पंचेचाळीसला गाडी शहाण्यासारखी वागते.

गंमत म्हणजे कित्येक गाड्यांत ऐंशी ते शंभरच्या पट्ट्यात थरथर जोरात असते आणि त्याच्या पुढे कमी झाल्यासारखी वाटते. सस्पेन्शनची आणि स्टीअरिंगची स्वतःची एक हलण्याची लय असते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, वेळ चुकली की नाही जात, तसंच. त्यामुळे "अजून थोडी पळवली की थांबतं" हे खरं असलं तरी तो इलाज नाही.

तर फक्त ठरावीक स्पीडला थरथर, ब्रेक न लावता, गुळगुळीत रस्त्यावर, म्हणजे पहिला संशय बॅलन्सिंगवर. पण टायरवाल्याकडे जायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. पावसाळ्यात कोकणात जाऊन आलात ना? तिथली लाल माती रिमच्या आत एका बाजूला थापून वाळते, आणि तीस ग्रॅम व्हायला मूठभरसुद्धा लागत नाही. पाण्याचा पाइप आत मारून धुवा. माझ्या एका मित्राची थरथर अशी फुकटात गेली. रिमवर चिकटवलेलं शिशाचं वजन गळून पडलं असेल तर तिथे चौकोनी डाग दिसतो, तोही शोधा.

आता एक गैरसमज, ज्यात माझे पैसे गेले. आपण एका दमात "अलाइनमेंट-बॅलन्सिंग" म्हणतो, जणू चहा-बिस्किट. दोन्ही पूर्ण वेगळी कामं आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं राहतं, टायर एकाच कडेने झिजतो. थरथर हे तिचं लक्षण नाही. फार दिवस बिघडलेली राहून टायर वेडावाकडा झिजला आणि मग त्या टायरमुळे गाडी थरथरली, असं होतं. पण तेव्हा नुसती अलाइनमेंट करून झिजलेला टायर गोल होत नाही.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर मामला वेगळा. खंबाटकी चढून सुरूरकडे उतरताना तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता, आणि स्टीअरिंग डावं-उजवं झटके द्यायला लागतं, पेडलही पायाखाली धडधडतं. ही पुढची डिस्क. गॅरेजमध्ये "डिस्क वाकली" म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक कागदाच्या जाडीपेक्षाही कमी असतो, तरी पायाला कळतो. डिस्क आणि हबमध्ये गंज साठला, किंवा टायरवाल्याने हवेच्या गनने नट कमी-जास्त आवळले, तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरांत अशी असमान झिजते. लेथवर सारखी करून घेता येते, पण किमान जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. तिच्या खाली जात असेल तर नवीन जोडी घ्यायची, घासाघीस नको.

घाटातून उतरल्यावर एका चाकातून जळका वास येतोय, दुसरं गार आणि हे तापलेलं? मग कॅलिपर अडकलाय, ब्रेक सुटतच नाहीये. रिमला हात लावू नका, नुसता जवळ नेला तरी झळ कळते.

उरलेले दोन-तीन प्रकार पटकन सांगतो. सिग्नलला उभ्या गाडीत थरथर असेल तर चाकांचा संबंधच नाही, इंजिन माउंटिंग किंवा प्लग बघायला सांगा. अॅक्सिलरेटर दाबला की थरथर आणि पाय काढला की गायब, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. गाडी दोन-तीन महिने उभी होती आणि सकाळी पहिले काही किलोमीटर धडधड होऊन नंतर जाते, तर टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटा झाला होता, गरम होऊन पुन्हा गोल झाला.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या अलाइनमेंटनंतरही फरक पडेना म्हणून मी मशीनवर स्वतः उभा राहून बॅलन्सिंग करून घेतलं. चारही चाकांना शून्य-शून्य आलं. हायवेला लागलो. थरथर सुरू. आता मात्र एक गोष्ट जाणवली, की ती ऐंशीलाच नाही, तिसाच्या-चाळिसाच्या स्पीडलाही आहे. पण तेव्हा ती थरथर वाटत नाही, स्टीअरिंग सावकाश डुलतं, म्हातारा मान हलवतो तसं. शहरात खड्ड्यांमुळे मी ते कधी धरलंच नव्हतं.

घराजवळच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कधी?" आणि मी पहिल्यांदा नीट उत्तर दिलं. ब्रेकचा संबंध नाही, चाळीसला डुलतं, ऐंशीला थरथरतं. काकांनी मशीनकडे पाहिलंही नाही. पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं, जमिनीवर एक वीट ठेवली, तिच्यावर स्क्रूड्रायव्हर आडवा, टोक टायरच्या नक्षीपासून दोन-तीन मिलिमीटरवर. आणि चाक हाताने हळू फिरवलं. फट दिसतेय, दिसतेय, आणि मग टायर स्क्रूड्रायव्हरला घासून गेला. पुन्हा फट. पुन्हा घासला. दर फेरीला त्याच जागी.

टायर गोल नव्हता. रबराच्या आत स्टीलच्या तारांचे पट्टे असतात, ते एका जागी सुटले होते आणि वरचा भाग फुगायला लागला होता. "मशीन वजन सांगतं, पोरा. गोल आहे का ते नाही सांगत," काका म्हणाले. फुगलेल्या जागेच्या समोर वजन लावलं की मशीन खूश, शून्य दाखवणार. रस्त्याला मात्र तो उंचवटा दर फेरीला लागणारच. आणि असे पट्टे सुटलेला टायर वेगात, उन्हात, भरल्या गाडीत कधीतरी नक्षीसकट उधडतो किंवा फुटतो. पुढचा टायर गेला तर हातात काय उरतं ते वेगळं सांगायला नको.

मला पटेना, कारण टायरची नक्षी चांगली खोल होती. काकांनी बाजूचे आकडे दाखवले. टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. माझा टायर आठ वर्षांचा होता. बाबांनी गाडी फार चालवलीच नाही, म्हणून झिजला नाही, नुसता म्हातारा झाला. कधी कधी हा उंचवटा तळहाताला कळतो. गाडी उभी, टायर गार, नक्षीवरून आणि दोन्ही भिंतींवरून हात फिरवा. आतली भिंतसुद्धा. तार बाहेर आली असेल तर हात कापतो, म्हणून जाड फडकं घ्या.

एवढ्यावर काम संपलं असं मला वाटलं. काकांनी त्याच चाकाला घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून डावं-उजवं हलवलं. टक टक. टाय रॉड एंड सैल. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, तिथे घट्ट. (तिथे हललं असतं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं, हलणं थांबलं तर बेअरिंग.)

जुन्या गाडीचं दुखणं नव्या गाडीपेक्षा वेगळं असतं ते इथे. सैल टाय रॉड एंड स्वतःहून थरथर निर्माण करत नाही. पण नव्या, घट्ट गाडीत जी थरथर बोटांना जेमतेम कळली असती, ती सैल सांध्यांतून मोठी होऊन हातात येते. एक जण गोंधळ घालतो आणि दुसरा त्याला आवरत नाही. नुसता टायर बदलला असता तर मला आराम पडला असता आणि सैल सांधा तसाच राहिला असता, आणि तो पूर्ण निसटला की चाक तुमचं ऐकत नाही. नुसता सांधा बदलला असता तर थरथर कमी होऊन फुगलेला टायर लपला असता. दुसरं जास्त भीतीदायक आहे.

हे घरी करून बघणार असाल तर सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं काय, हातही घालायचा नाही. स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक सटकला तर गाडी तिच्यावर बसेल.

आणि हे काही जमणार नसेल तर एक सोपी चाचणी टायरवाल्याकडून करून घ्या. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे, बाजू तीच ठेवून. थरथर स्टीअरिंगमधून जाऊन सीटखाली आली तर दोष टायरमध्ये किंवा रिममध्ये आहे, चाकाबरोबर तोही मागे गेला. स्टीअरिंगमध्येच राहिली तर हब, डिस्क, सांधे बघा. चाक बसवताना नट हाताने लावून, समोरासमोरचे आवळायला सांगा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर स्वतः पान्याने एकदा तपासा. सैल नटांनीही स्टीअरिंग हलतं, आणि तेव्हा मात्र गाडी पुढे न्यायचीच नसते.

त्या श्रोत्याला मी हे सगळं थोडक्यात पाठवलं होतं. परवा त्याचं उत्तर आलं. "दादा, चाळीसला पण डुलतंय. आणि उजव्या टायरवर ४११४ लिहिलंय." मी मेसेज न करता सरळ फोन लावला. म्हटलं, हायवेवर चढू नकोस, स्टेपनी लाव आणि हळू टायरवाल्याकडे जा. थोडा वेळ डिकी उघडल्याचा आवाज, खुडबुड, मग शांतता. "दादा," तो म्हणाला, "स्टेपनीवर १११२ आहे." मग त्यानेच टायरवाल्याला घरी बोलावलं.