गांधिलीचे रिकामे घर

दिवाळीला दर्यापूरला गेलो आणि पिशवीतून कॅमेरा निघाला, की माय म्हणते, "आला फोटूवाला!" यंदा मात्र मी कशाचा फोटो काढणार हे ऐकून तिने कपाळावर हातच मारला. चंद्रभागेच्या काठी आमच्या धुऱ्यावर बाभळींची दाट रांग आहे. तिथल्या एका फांदीला गांधीलमाश्यांचे पोळे लटकले होते. रिकामे.

या पोळ्याशी माझे वैर होते. पोळ्याच्या सणाला आलो तेव्हा मुगाच्या शेंगा तोडताना एक गांधील मायच्या बोटाला डसली. हात मनगटापर्यंत सुजला. मी टेंभा घेऊन निघालोच होतो. तिनेच अडवले. "काऊन जाळतं बापू? लेकुरवाळी हाये ते."

आता तिथे एकही माशी नव्हती. तरी दोन दिवस लांबूनच पाहिले. वाचकांनीही या बाबतीत घाई करू नये! तिसऱ्या दिवशी कोवळे ऊन बाजूने पडेल अशा बेताने तिपाई रोवली. मागे काळा पडदा हवा होता. माय बरोबर आलीच होती. तिने आपली काळी छत्री उघडून पोळ्यामागे धरली. वारा थांबला की मी कळ दाबायचो.

भिंगातून ते घर पाहिले आणि थक्क झालो. गांधील वाळलेल्या लाकडाचे तंतू खरवडते, लाळेत चघळते आणि त्या लगद्याचे घर बांधते. म्हणजे तो कागदच! लाकडापासूनही कागद करता येईल, हे फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७१९ मध्ये गांधिलीकडे बोट दाखवूनच सुचवले होते. फोटोत करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांचे पट्टे उमटले; लगदा जसा वेगवेगळ्या लाकडांचा, तसा रंग. सारा डोलारा एका बारीक देठावर. मुंग्यांनी वर येऊ नये म्हणून त्या देठाला माश्या एक द्रव चोपडून ठेवतात.

"पण गेल्या कुठी? मेल्या का बापू?" छत्रीमागून मायने विचारले.

उत्तर रात्री ओसरीवर मिळाले. फोटो लॅपटॉपवर मोठा करून आम्ही घरे मोजली. एकशे बारा. अळी कोष करताना घराच्या तोंडावर रेशमी टोपी विणते. मोठी शिकारी गांधील हल्ला करते तेव्हा या टोप्या फाडून आतली पिले ओढून नेते. इथे मात्र सत्त्याऐंशी घरांच्या तोंडाशी टोपीची गोल, नीट कातरलेली कड शिल्लक होती. माशी आतून टोपी कातरून बाहेर पडली की अशी कड राहते. तळाशी काळा ठिपकाही होता. अळी वाढ पुरी झाल्यावर एकदाच टाकते ती विष्ठा.

"मेल्या नाहीत, माय. मोठ्या झाल्या आणि उडून गेल्या."

युरोपात थंडी आली की गांधिलींचे बिऱ्हाड मोडते. आपल्याकडे तसे ठरलेले नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया या गांधिलींचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्यातली एखादी मादी केव्हाही उठते आणि एकटीने, नाहीतर दोघी-चौघींना घेऊन, दुसरीकडे नवे घर मांडते.

माय बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग बरं झालं."

ओसरीच्या पलीकडे सहा खोल्या. आम्ही तिघे भावंडे इथेच वाढलो; एक पुण्यात, एक नागपुरात, एक परदेशात. भाऊबीज झाली की त्या साऱ्या खोल्यांना कडी लावून माय एकटी दिवा लावते. माझे परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे होते.

सकाळी मी ते तिकीट चार दिवसांनी पुढे ढकलले. मायला सांगितले, "अजून काही फोटो राहिलेत."

कशाचे, ते तिने विचारले नाही. छत्री तेवढी दाराशी आणून ठेवली.