शेवटच्या नळाचा ठराव

ग्रामसभेचं काम सभेच्या सात दिवस आधी सुरू होतं. तेवढ्या मुदतीची नोटीस लागते. ग्रामसेवक ती काढतात. त्यांचं सरकारी पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावाच्या तोंडी ते अजून भाऊसाहेबच. शिपाई नोटीस फलकावर, अंगणवाडीच्या दारावर आणि रेशन दुकानावर चिकटवतो, पाड्यांवर निरोप धाडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ती फिरतेच, पण म्हाताऱ्या माणसांना खबर लागते ती शिपायाच्या तोंडून.

पालघर-बोईसर पट्ट्यातल्या ग्रामसभांना मी गेली काही वर्षं आवर्जून जाते. राज्याचं मंत्रिमंडळ मुंबईत बसतं, जिल्ह्याचा कारभार पालघरच्या कोळगावातून चालतो; पण शेजाऱ्याशी कसं राहायचं हा प्रश्न सुटतो तो शाळेच्या व्हरांड्यात अंथरलेल्या ताडपत्रीवर. 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. 1996च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ती आणखी बळकट केली आणि तिथलं सरपंचपद आदिवासींसाठी राखलं. अधिकार कागदावर भरपूर आहेत. ते वापरायचे कसे, हे मात्र दर सभेला नव्याने ठरतं.

या भागातली वस्ती फार मिसळलेली आहे. डोंगराकडच्या बाजूला वारल्यांचे पाडे, किनाऱ्यावर मांगेला आणि भंडारी. 1969मध्ये तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून वीज वाहू लागली, पुढे एमआयडीसी वाढत गेली आणि कारखान्यांमागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार आले. त्यांच्यासाठी चाळी उठल्या. 2011च्या जनगणनेने बोईसरला शहर म्हणून मोजलं, तेव्हा वस्ती 36 हजारांच्या वर होती. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा, आणि तिची सदस्यसंख्या कायद्याने 17च्या वर जात नाही. हा ताण आजूबाजूच्या प्रत्येक गावात थोड्याफार फरकाने आहेच.

सभेच्या दिवशी सगळ्यात आधी उघडते ती हजेरीवही. नाव, सही, सही येत नसेल तर अंगठा. शाईचा पॅड एका बाईकडून दुसरीकडे सरकतो. अंगठा उमटला की ती पदराला बोट पुसून बसते. भाऊसाहेबांचं लक्ष आकड्याकडे असतं. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा कोरमची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी गाव आलं नाही, तर पुढच्या वेळी मूठभर माणसं गावाच्या नावाने ठराव करू शकतात. म्हणून मला ही हजेरीवही सभेतली सगळ्यात मोलाची वस्तू वाटते.

एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावातली सभा सांगते. विषय पाण्याचा. पाड्यावरची एक बाई उठली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, आमच्या टोकाला पाणी पोचतच नाय. पहाटे चाळीवाले मोटार लावतात, मग आमचा नळ सुका." चाळमालक चिडले. कुणीतरी "भाडेकरू वाढलेत, त्यांना आवरा" म्हणालं आणि बोलणं पाण्यावरून माणसांवर घसरलं. सरपंचताईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि एवढंच विचारलं, "मोटार किती वाजता लागते?"

त्या एका प्रश्नाने सभा पुन्हा नळावर आली. पाणी सोडणाऱ्या कामगाराला पुढे बोलावलं. कुठला व्हॉल्व्ह आधी उघडतो, कुठला नंतर, हे त्याने सांगितलं. ठरलं असं की पाड्याचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, त्या वेळात चाळींनी मोटार लावायची नाही आणि देखरेखीला पाड्यावरची एक बाई व चाळीतला एक माणूस असे दोघं राहायचे.

आता खरी परीक्षा प्रोसिडिंगची. ठरावाचा साचा तयार असतो: पाणीपुरवठा सुरळीत करणेबाबत चर्चा झाली, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. असं लिहिलं असतं तर पाडा, पहाट, मोटार, व्हॉल्व्ह सगळं पुसलं गेलं असतं आणि पुढच्या सभेत जाब विचारायला हाती काही उरलं नसतं. त्या भाऊसाहेबांनी वेळेसकट, व्हॉल्व्हसकट सगळं लिहिलं आणि सभा उठण्याआधी मोठ्याने वाचून दाखवलं. सूचक म्हणून नाव त्या बाईचंच लागलं.

त्याच सभेत गणपतीच्या मंडपाचाही विषय निघाला. चौकातल्या रस्त्यानेच ईदचा जुलूस जातो. 2023मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबरला एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईसह राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. त्याची आठवण एकाने करून दिली. मंडळाच्या पोरांनी मंडप मागे घ्यायचं कबूल केलं. पहाटेच्या पाण्यावर नुकतेच भांडून मिटलेले लोक समोरासमोर बसले होते, म्हणून हा विषय झटकन सुटला, असं मला ठामपणे वाटतं.

जुन्या ठाणे जिल्ह्याने हा धडा आधीच गिरवला आहे. 1970 आणि 1984च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988पासून मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं पोलिसांसोबत नेमाने बसत आणि मोहल्ल्यातली लहानसहान भांडणं तिथेच मिटवत. 1992-93मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आणि आपल्या जिल्ह्याची जखमही आपण विसरू नये. 16 एप्रिल 2020च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला अफवांच्या भरात जमावाने दोन साधूंचा आणि त्यांच्या गाडीच्या चालकाचा जीव घेतला. माणसं एकमेकांना ओळखत नसली की अफवा खरी वाटते. ओळख भाषणांनी होत नाही. ती एकत्र बसून एखादं काम तडीस नेल्याने होते.

म्हणूनच एक उणीव बोचते. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीतला माणूस. चाळीतले असंख्य कामगार गावचं पाणी पितात, गावच्या गटारालगत राहतात, पण त्यांचं नाव यादीत नसतं. मत देण्याचा अधिकार यादीतल्यांचाच राहू दे; सभेला येऊन बोलायला मात्र त्यांना बोलवावं. वर सांगितलेल्या देखरेखीच्या जोडीतला चाळीतला माणूस असाच यादीबाहेरचा होता, आणि तो बोलला म्हणूनच मोटारींची नेमकी वेळ कळली.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ती सह्यांपुरती उरकू नये. मागच्या ठरावांचं काय झालं, हा विषय पत्रिकेत पहिला असावा. प्रोसिडिंग सभा उठण्याआधी वाचलं जावं. यातल्या कशालाही वेगळा निधी लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही. सलोखा हवा असेल तर गावाने सभेला येऊन बसावं आणि आपलं म्हणणं आपल्या नावाने लिहून घ्यावं.