भिंत माती पेलते, पाण्याचे काय?

अमेरिकेत सिएटलजवळच्या सी-टॅक विमानतळाची तिसरी धावपट्टी भरावावर उभी आहे, आणि पश्चिम कडेला तो भराव सुमारे 46 मीटर उंचीच्या, चार टप्प्यांच्या संरक्षक भिंतीने धरला आहे. भिंतीखालच्या उतारावर मिलर क्रीक नावाचा ओढा आहे. विमानतळाच्या जुन्या दोन धावपट्ट्यांमध्ये जेमतेम 244 मीटरचे अंतर असल्यामुळे ढग खाली आले की दोन्हींवर एकाच वेळी विमाने उतरवता येत नसत, आणि सिएटलला ढगांची कमी नाही. म्हणून 2590 मीटर लांबीची नवी पट्टी आखली गेली. पण पठार तेवढे रुंद नव्हते, तेव्हा सुमारे 1 कोटी 30 लाख घनमीटर माती टाकून ते रुंद केले गेले. 20 नोव्हेंबर 2008 रोजी पट्टी सुरू झाली, खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला. अशी भिंत पाहिली की ‘ही पडेल का?’ हा प्रश्न आधी मनात येतो. मला तो अपुरा वाटतो. या भिंतीत पाणी कुठून येते, कुठे जाते आणि ती वाट पुढची पाऊणशे-शंभर वर्षे मोकळी ठेवण्याची जबाबदारी कोणाची, यावर अशा कामाची परीक्षा व्हायला हवी.

बाहेरून दिसणारा काँक्रीटच्या फरश्यांचा पडदा या भिंतीत फारसा भार घेत नाही. खरा भार मातीच घेते. फ्रेंच अभियंता आंरी विदाल याने 1960च्या दशकात ही रीत रूढ केली: भराव थराथराने टाकायचा, रोलर फिरवून दाबायचा आणि दर थरावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्या आडव्या अंथरायच्या. पट्टी आणि मातीचे कण यांच्यातल्या घर्षणामुळे सगळा ढीग एकसंध ठोकळ्यासारखा वागतो. तो थोडा लवचीक असतो, आणि हाच त्याचा मोठा गुण. 1995च्या कोबे भूकंपात अशा प्रबलित मातीच्या भिंती चांगल्या टिकल्या. सिएटलही भूकंपाच्या पट्ट्यात आहे. तिथे चिंता होती ती भिंतीखालच्या जमिनीची. हादऱ्याने पातळ होऊ शकणारे मऊ, ओले थर काही ठिकाणी उकरून बदलावे लागले, काही ठिकाणी खडीचे खांब घालून घट्ट करावे लागले. जे काम डोळ्यांना कधीच दिसणार नाही, त्यावरच उंच भिंतीची बरीचशी भिस्त असते.

आता पाण्याचा हिशेब पाहू. दहा मीटर उंचीच्या कोरड्या, वाळूदार भरावाचा भिंतीच्या तळाशी आडवा दाब ढोबळमानाने चौरस मीटरला सहा टन धरता येतो. तोच भराव वरपर्यंत पाण्याने भरला तर मातीचा स्वतःचा वाटा साडेतीन टनांच्या आसपास उतरतो, पण पाण्याचे दहा टन त्यात मिळतात. बेरीज दुपटीच्या वर जाते. शिवाय ओल्या भरावाची पट्ट्यांवरची पकड सैल होते आणि पोलाद गंजण्याचा वेग वाढतो. म्हणून भरावात चिकणमाती चालत नाही, मागे गाळणीचे थर आणि निचऱ्याचे पाइप लागतात. सह्याद्रीच्या उतारावरचा शेतकरी ताल रचताना दगडांच्या सांध्यांत चिखल भरत नाही, त्यामागेही हीच समज आहे. फरक इतकाच की तालीचा दगड निसटला तर तो पुढच्या उन्हाळ्यात बसवता येतो. 46 मीटर भरावाच्या पोटात तुंबलेला पाइप दुरुस्त करणे जवळपास अशक्य असते.

पर्यावरणाच्या बाजूने विचार करणारा विचारेल, एवढी जोखीम असेल तर भिंत बांधायचीच कशाला, साधा उतार का सोडला नाही? दोनास एक असा उतार सोडला असता तर 46 मीटर उंचीला पायथा 92 मीटर बाहेर गेला असता, म्हणजे पाणथळ आणि ओढ्याचा आणखी मोठा भाग मातीखाली गाडला गेला असता. जागेच्या हिशेबात भिंतीने ओढ्याला वाचवले, हे मान्य करायला हवे. पण ओढा जागा मिळाली म्हणून जगत नाही. भरावाआधी पावसाचे पाणी उतारात मुरायचे आणि कोरड्या दिवसांत हळूहळू पाझरायचे. धावपट्टीच्या डांबराने आणि काँक्रीटने ते वेळापत्रक मोडले. पावसाळी दिवसांत लोंढा, उन्हाळ्यात पात्र रोडावलेले, आणि सॅमनच्या पिलांना नेमके तेव्हाच थंड, वाहते पाणी लागते. म्हणून पावसाचे पाणी साठवून कोरड्या महिन्यांत ओढ्यात सोडण्याची योजना करावी लागली. बाहेरून येणाऱ्या मातीत धातूंचे आणि तेलाचे अंश किती चालतील हा वादही पेटला. आजूबाजूच्या गावांनी लढवलेले प्रकरण 2004 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बुजवलेल्या पाणथळीची बरीचशी भरपाई दूर ऑबर्न येथे केली गेली, कारण पाणथळीवर पक्षी येतात आणि विमानांना ते धोक्याचे. कारण पटण्याजोगे आहे, तरी माझ्या मते ही भरपाई अर्धीच: ऑबर्नच्या पाणथळीचे पाणी मिलर क्रीकला मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे सारे प्रवाशांच्या जिवासाठी चालले असेल, तर ओढ्याचा विचार किती करायचा? वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनचा येगर विमानतळ याचे उत्तर देतो, आणि ते दोन्ही बाजूंनी देतो. डोंगरमाथ्यावरच्या त्या धावपट्टीच्या टोकाला सुमारे 73 मीटर उंचीचा, 45 अंशांचा प्रबलित मातीचा उतार उभारून त्यावर चाकाखाली चुरडणाऱ्या हलक्या काँक्रीटचा थर बसवला होता. 19 जानेवारी 2010 रोजी उड्डाण सोडून दिलेले एक विमान त्या थरात रुतून थांबले आणि आतली 34 माणसे वाचली. हा थर नसता तर पुढे दरी होती. त्याच उताराच्या पृष्ठभागावर पुढे भेगा दिसू लागल्या, आणि 12 मार्च 2015 रोजी तो कोसळला. खालचे एक चर्च उद्ध्वस्त झाले, रस्ता आणि ओढा मातीने अडला, तुंबलेले पाणी वस्तीत शिरले. घरे आधी रिकामी केल्यामुळे जीवितहानी टळली. वरच्या 34 जिवांचे मोल कोणी नाकारत नाही. पण त्या सुरक्षेचा धोका खालच्या वस्तीने उचलला होता, आणि विमानाची सुरक्षा मोजताना ती वस्ती हिशेबात धरलीच पाहिजे.

भारतात हा प्रश्न आता दारात आहे. सिक्कीममधले पाक्योंग विमानतळ 2018 मध्ये सुरू झाले. त्याच्या 1700 मीटरच्या धावपट्टीसाठी डोंगरउतारावर सत्तर मीटरहून उंच प्रबलित भराव रचला आहे, जगातल्या सर्वांत उंच अशा कामांपैकी एक. इथे पोलादाऐवजी पॉलिमरच्या जाळ्या वापरल्या, म्हणजे गंजण्याची काळजी कमी झाली. हिमालयातल्या पावसाची झाली नाही. काम चालू असतानाच खालच्या वस्त्यांनी घरांचे व जमिनीचे नुकसान होत असल्याच्या तक्रारी केल्या, आंदोलने झाली, काम रखडले. मंगळूरला 2010 मध्ये 158 आणि कोळिकोडला 2020 मध्ये 21 माणसे पठाराच्या कडेवरून घसरलेल्या विमानांत गेली. आंतरराष्ट्रीय शिफारस पट्टीच्या टोकाला 240 मीटरच्या सुरक्षा क्षेत्राची आहे, आणि पठार संपल्यावर ते मिळवायचे तर भराव घालावाच लागतो. कोळिकोडला ते काम हाती घेतले गेले आहे. सपाटीवरही सुटका नाही: नवी मुंबईला उलवे टेकडी कापावी लागली आणि नदीचे पात्र वळवावे लागले.

अशा भिंतींना माझा विरोध नाही. कोळिकोडनंतर तो कोणी करूही नये. पण खर्च वाढेल, विलंब होईल, अशा सबबीवर ज्या गोष्टी सहज गाळल्या जातात, त्या कंत्राटातच बांधून घ्यायला हव्यात: भरावाची माती कोणत्या टेकडीतून येणार याची नोंद, पोटातल्या पाण्याची पातळी आणि भरावाची हालचाल मोजणारी उपकरणे, दर पावसाळ्याआधी निचऱ्याची तपासणी, आणि त्यासाठी बांधकाम संपल्यावरही न आटणारा निधी. येगरला उतार कोसळण्याआधी भेगा दिसल्या होत्या. म्हणून पाण्याच्या पातळीच्या आणि हालचालीच्या मापांचे आकडे दर महिन्याला, स्थानिक भाषेत, भिंतीखालच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. कोणत्या आकड्याला घर सोडायचे, हेही त्याच फलकावर लिहिलेले असावे.