लोंबता कान कापू नका!

द्राक्षांच्या हंगामातली गोष्ट. रात्री आठच्या सुमारास निफाडच्या माझ्या दवाखान्यात दोघे जण एका तरुणाला घेऊन आले. बागेत अंधारात ट्रॅक्टर मागे घेताना मांडवाची सुटलेली तार त्याच्या कानाला लागली होती. कानाचा वरचा अर्धा भाग तुटून बोटभर कातडीवर लोंबत होता. जखमेत हळद आणि चुना भरलेला. बरोबरचे चुलते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा तुकडा कापूनच टाका अन् टाके घाला. तो काय जगतो आता? पोराचं लग्न ठरलंय, तेवढी काळजी आहे."

मी म्हटले, "नाना, कापायला क्षणभर पुरतो. टाकलेला कान मात्र परत आणता येत नाही."

वाचकहो, कानाच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे अरुंद कातडीवर लोंबणारा भागही पुष्कळदा जगतो. मी जखम धुतली. हळद-चुना काढण्यातच बराच वेळ गेला. ओली निर्जंतुक पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि त्याच रात्री नाशिकला प्लॅस्टिक सर्जनकडे पाठवले. कान वाचला. काठावर लहानशी खाच राहिली, एवढेच. पुढे नाना स्वतः पत्रिका घेऊन आले.

तुकडा पूर्ण तुटला तर? तो स्वच्छ पाण्याने धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकड्याला थेट बर्फ लावू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. मोठा तुकडा जोडायचा तर केसाएवढ्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. दर वेळी यश येतेच असे नाही. तुकडा गमावला तर बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कोरून नवा कान घडवतात. पण त्याला एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागतात.

ही विद्या आपल्याला परकी नाही. फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती सुश्रुताने सांगितल्या आहेत. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीने घडवल्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती.

कान न तुटताही बिघडतो. पैलवानांचे गाठाळलेले कान आपण पाहतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या आवरणातून होते. मार लागून दोहोंच्या मध्ये रक्त साठले की कूर्चा मरते आणि कान वेडावाकडा होतो. म्हणून कान सुजून मऊ लागला तर एक-दोन दिवसांतच रक्त काढून घ्यावे आणि वर दाबपट्टी बांधून घ्यावी. घरी सुई टोचू नये.

रागाच्या भरात मारलेली कानशिलातही महागात पडते. तिने पडदा फाटू शकतो. बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरतात. तोवर कानात पाणी जाऊ देऊ नये, तेल तर मुळीच घालू नये. न भरल्यास शस्त्रक्रियेने पडदा बसवता येतो.

कुत्र्याने कान चावला तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. टाके घालण्याची घाई नको. आधी रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे प्रतिद्रव्याचे इंजेक्शन.

आता माताभगिनींसाठी. जड झुब्यांनी किंवा लेकराने ओढल्याने पाळी फाटते. जुन्या कडांवर कातडी आलेली असते, म्हणून नुसत्या चिकटवून त्या जुळत नाहीत. कडा ताज्या करून टाके घालावे लागतात. जागा बधिर करून अर्ध्या तासात काम होते. आठवड्याने टाके निघतात. दोन-तीन महिन्यांनी व्रणाच्या बाजूला नवे भोक पाडावे. जड दागिन्याला वेल लावण्याची आजीची रीत शहाणपणाची होती.

हळद स्वयंपाकात ठेवा, चुना पानात. जखमेवर स्वच्छ कापड आणि पायाखाली दवाखान्याची वाट. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ कान वाचतील.