सिंहासन नसलेलं शहर

पिले वेशीबाहेरच्या चौकात सकाळी नऊलाच ऊन चटचट लागतंय. आमची गाईड काखेत जाडजूड फाइल मारून उभी आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली दृश्यं तिनं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून क्रमानं लावली आहेत. ठरलेल्या जागी ती आम्हाला उभं करते, चित्र हातभर अंतरावर धरते आणि त्यातली तटाची कड समोरच्या तटाच्या कडेला मिळेपर्यंत हात वरखाली करत राहते. कड जुळते, आणि घोळक्यातून एकदमच “आहा” निघतो. माझ्याही तोंडून निघतो.

पहिलं चित्र वेशीखालच्या छोट्या खाडीचं. उजव्या हाताला समुद्रातून सरळ उठलेल्या ३७ मीटर उंचीच्या कड्यावर लोव्रियेनात्स किल्ला, डाव्या हाताला तटाला बिलगलेला बोकार बुरूज, मधे हिरवंनिळं पाणी. मालिकेतली राजधानी, किंग्ज लँडिंग, पहिल्या पर्वात माल्टात चित्रित झाली होती. दुसऱ्या पर्वापासून ती इथे, क्रोएशियातल्या दुब्रोव्निकमध्ये आली. चित्रात किल्ल्याच्या वर लाल राजवाड्याचे मनोरे आहेत, समोर नुसतं आकाश आहे. मनोरे संगणकावर चढवलेले. पाणी, कडा आणि तट मात्र खरे.

आम्ही लोव्रियेनात्सच्या पायऱ्या चढतो. दारावर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे की जगातल्या सगळ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकू नये. आत वरच्या सज्जावर राजा जॉफ्रीच्या वाढदिवसाची झुंज चित्रित झाली. ते पाकीट सगळ्यांच्या हातांतून फिरतं. १९५०पासून भरणाऱ्या उन्हाळी महोत्सवात याच किल्ल्यात ‘हॅम्लेट’ रंगत आलं आहे. राजगादीवरून होणारे खून या दगडांना नवे नाहीत.

मग गाईड फाइल मिटते आणि भिंतीवर तळवा ठेवते. समुद्राकडची भिंत १२ मीटरपर्यंत जाड आहे. शहराकडची फक्त ६० सेंटीमीटर. किल्लेदार फितूर झालाच, तर शहराच्या तोफांनी ही बाजू पाडता यावी म्हणून ती मुद्दाम पातळ ठेवलेली. शिवाय किल्लेदार दर महिन्याला बदलत असे. मी त्या पातळ भिंतीतल्या झरोक्यात हात घालून बघतो. बोटं पार पलीकडे निघतात. आपल्याच माणसाच्या हाती सत्ता देताना एवढी सावधगिरी दगडात बांधून ठेवणारं राज्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सज्जावरून अख्खं जुनं शहर दिसतं. कौलांचे दोन रंग आहेत, फिकट मातकट आणि भडक केशरी. फिकट ती जुनी, असं गाईड सांगते. युगोस्लाव्ह सैन्याच्या १९९१-९२च्या वेढ्यात जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींवर तोफगोळे पडले. ६ डिसेंबर १९९१चा मारा सगळ्यांत भयंकर होता. त्या वेळी ती शाळेत होती. त्याहून जास्त ती सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. तिच्या हातात राजधानीचं विहंगम दृश्य आहे आणि त्यातही तीच केशरी कौलं झळकताहेत.

वेशीतून आत शिरतो. कमानीवर सेंट ब्लेझ, हातात सबंध शहराची दगडी प्रतिकृती घेऊन. इथले लोक त्याला स्वेती व्लाहो म्हणतात. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे आणि ते इथल्या दर्यावर्दींनी उभारल्याचं सांगितलं जातं. घोळक्यात पुण्याहून आलेले वडील आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी आहे. मी त्यांना हे सांगतो तेव्हा मुलगी मान मागे टाकून त्या संताकडे नव्यानं बघते.

जेझुइट जिन्यावर मात्र गर्दी मावत नाही. राणी सर्सीची धिंड इथून निघाली. पाचव्या पर्वातलं ते दृश्य २०१४ साली चित्रित झालं. प्रत्येक गट पायऱ्या उतरताना त्या दृश्यातला धिक्काराचा शब्द ओरडतो, कुणीतरी घंटाही वाजवतं. मला ते सहन होत नाही. जिन्याच्या बाजूच्या खिडक्यांत कपडे वाळत आहेत, एक आजी पायऱ्यांच्या कडेनं भाजीची पिशवी सांभाळत वर चढतेय, आणि तिला वाट करून द्यायचं कुणाला सुचत नाही. १९९१ साली जुन्या शहरात सुमारे पाच हजार लोक राहत होते, आता दीड हजारसुद्धा उरलेले नाहीत. गाईड आमच्यापैकी कुणालाही ओरडू देत नाही. आम्हाला भिंतीशी उभं करून ती आधी आजीला जाऊ देते.

रेक्टरच्या प्रासादाच्या चौकात सावली आहे, गारवा आहे. चित्रात हाच जिना मालिकेतल्या कार्थ शहराच्या मसाला-सम्राटाच्या घरचा झालाय. कड जुळते. पण मुलगी चित्राकडे बघतच नाही.

“बाबा, इथला खरा राजा कुठे बसायचा?”

वडील प्रश्न इंग्रजीत करून गाईडला विचारतात. तिचा चेहरा उजळतो. याच प्रश्नाची ती सकाळपासून वाट बघत असावी. राजा नव्हताच, ती म्हणते. हे रागुसाचं, म्हणजे जुन्या दुब्रोव्निकचं, प्रजासत्ताक होतं, १८०८ साली नेपोलियनच्या सैन्यानं मोडेपर्यंत. त्याचा प्रमुख रेक्टर, आणि त्याची मुदत एक महिना. तो महिना त्यानं या प्रासादात एकट्यानं काढायचा, घरच्यांपासून दूर. राज्याच्या कामाखेरीज उंबरा ओलांडायचा नाही. पुन्हा निवड व्हायची तर मधे दोन वर्षं जावी लागत. सभागृहाच्या दारावर कोरलेलं होतं की आपली खाजगी कामं विसरा, लोकांची बघा. मत फक्त सरदार घराण्यांना होतं, हेही ती लपवत नाही. चौकात एक अर्धपुतळा आहे, मिहो प्रात्सात या दर्यावर्द्याचा. आपली संपत्ती त्यानं राज्याला दिली. प्रजासत्ताकानं पुतळा उभारला असा सामान्य कुळातला हा एकटाच.

“मग सिंहासन?” मुलगी अडून बसली आहे.

मालिकेतला सिंहासनाचा दरबार बेलफास्टच्या स्टुडिओत उभारला होता, गाईड सांगते. दुब्रोव्निकला सिंहासन ना कथेसाठी आलं, ना इतिहासात होतं. पण एक प्रतिकृती आहे, समोरच्या बेटावर.

जुन्या बंदरातून होडी सुटते आणि थोड्याच वेळात लोक्रुमला लागते. पाइनचा वास, वाटेत आडवे येणारे मोर. बेनेडिक्टाइन मठाच्या आवारात कार्थच्या मेजवानीचं चित्रण झालं होतं. आतल्या खोलीत ते तलवारींचं सिंहासन ठेवलंय आणि त्याच्यापुढे रांग लागली आहे.

रांगेत गाईड मठाची आख्यायिका सांगते. बेट सोडावं लागलं तेव्हा भिक्षूंनी मेणबत्त्या उलट्या धरून बेटाला फेऱ्या घातल्या आणि शाप दिला, की स्वतःच्या चैनीसाठी जो हे बेट बळकावेल त्याचं बरं होणार नाही. १८५९ साली ते हॅब्सबर्ग घराण्यातल्या माक्सिमिलियननं विकत घेतलं. त्यानं मठाचा राजवाडा केला, बागा लावल्या, मोर आणले. पाच वर्षांनी मेक्सिकोचं सिंहासन चालून आलं, आणि ही बाग टाकून तो तिकडे गेला.

“परत आला का?” मुलगी विचारते.

“१८६७ मध्ये त्याला तिथे गोळ्या घातल्या.”

मुलीची पाळी येते. ती बसते, वडील दोन फोटो काढतात, ती लगेच उठते. बेटावर रात्री कुणाला राहता येत नाही. शेवटच्या होडीची वेळ होत आल्याचं कर्मचारी दारातून ओरडून सांगतो. आमच्या मागे अजून वीसेक जण आहेत. रांग भराभर पुढे सरकू लागते, आणि आता एकेकाच्या वाट्याला सिंहासन जेमतेम दहा सेकंद येतं.